गीझर लावला की फ्रीज चावतो : वाईच्या घराच्या वायरिंगच्या नोंदी

7 सप्टेंबर 2024, शनिवार (गणेश चतुर्थी)

मखराच्या माळा लावत होते, तेवढ्यात आई सहज म्हणाली, "फ्रीजला ओला हात लावू नकोस गं, चावतो." कधीपासून? "पाऊस लागल्यापासून असेल. पण सारखा नाही चावत. सकाळीच."

सकाळी चावणारा आणि दुपारी न चावणारा फ्रीज मी आजवर ऐकला नव्हता. सारण आत ठेवायला गेले. अनवाणी होते, फरशी नुकती पुसलेली. बोटांना मुंग्या आल्या. तेव्हा वहिनी न्हाणीघरात होती. ती बाहेर आली, गीझर बंद झाला, मी बोटाची मागची बाजू परत टेकवली. काही नाही. (असं करू नये. टेस्टर माळ्यावर होता आणि नैवेद्याची घाई होती. ही सबब पुरेशी नाही, हे मला कळतं.)

गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. अंघोळीचं पाणी गॅसवर. फ्रीजपुढे देवघरातला जुना लाकडी पाट टाकला. त्यावर उभं राहूनच दार उघडायचं, असं सगळ्यांना बजावलं.

8 सप्टेंबर, रविवार

परसात पहार ठोकली, तिथली माती ओली आहे. मल्टिमीटरची एक तार पहारीला, दुसरी फ्रीजच्या बिजागरीच्या स्क्रूला. गीझर बंद असताना 2 व्होल्ट. गीझर लावला आणि आकडा नाचायला लागला : 9, 14, 22, 11, परत 19. आकडा स्थिर असता तर वायर बारीक आहे असं म्हटलं असतं. नाचतोय म्हणजे कुठला तरी जॉइंट सैल आहे.

क्लॅम्प मीटरवर गीझरचा करंट 8 ॲम्पिअर. 22 व्होल्टपैकी चार-पाच वायरीच्या लांबीत गेले असं धरलं, तरी उरलेले सतरा एका ठिकाणी खर्ची पडतायत. सतरा गुणिले आठ, म्हणजे सव्वाशेच्या वर वॅट. वायरींना डाख द्यायची सोल्डरिंगची साधी इस्त्री पंचवीस-तीस वॅटची असते. तशा चार इस्त्र्या या घराच्या कुठल्या तरी लाकडी ठोकळ्याच्या पोटात रोज सकाळी तापतायत.

आणि फ्यूज उडत नाही. उडणारही नाही, कारण सैल जॉइंट जास्तीचा करंट ओढतच नाही, उलट थोडा अडवतो. फ्यूज काय किंवा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारं, आपोआप पडणारं बटण) काय, दोघांना फक्त जास्तीचा करंट कळतो. ठोकळा जळत असला तरी त्यांच्या लेखी घरात सगळं आलबेल असतं.

मग मेन बंद करून फ्रीजच्या पिनचा सॉकेट उघडला. वरच्या जाड पिनला, म्हणजे अर्थिंगच्या जागी, काळ्या वायरीचा दोन इंची तुकडा जोडलेला. त्याचं दुसरं टोक न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला. घरात अर्थिंग नाही, मग न्यूट्रललाच अर्थिंग म्हणायचं. न्यूट्रल धड असेल तोवर काही जाणवत नाही. न्यूट्रल मागे कुठे सैल झाला की जितके व्होल्ट त्या जॉइंटवर पडतात, तितके फ्रीजच्या पत्र्यावर येतात. आणि तो पूर्ण तुटला, तर चालू असलेल्या कुठल्याही उपकरणातून फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत बाजू, फिरून त्या पत्र्यावर येते, पूर्ण 230. तेव्हा नुसत्या मुंग्यांवर भागत नाही.

तुकडा कापून काढला. त्याच्या टोकाला गुलाबी ठिपका होता. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

21 सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष चालू आहे. आई म्हणते, नवं काम या पंधरवड्यात काढायचं नाही. मी म्हटलं, तपासणी म्हणजे काम नव्हे. यावर तडजोड झाली.

दिवसभर फिरून नकाशा काढला. मूळ घर मातीच्या भिंतींचं, दगडी जोत्यावर, वर माळा. मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर विटांचं, 1983 सालचं. जिन्याची भिंत 1996 मध्ये पाडून विटांची केली. पॉइंट मोजले : 40.

बाबांची खर्चाची वही ट्रंकेत सापडली. 1966 : "वीज जोडणी. दिवे 7, पंखा 1, रेडिओचा प्लग 1." एकूण नऊ पॉइंट. त्या दशकात याच जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर वीज तयार व्हायला लागली होती आणि बाबा शेवटपर्यंत "कोयनेची लाइट" असंच म्हणायचे. जानेवारी 1968 मध्ये आणखी एक ओळ : "माजघरातली पट्टी परत ठोकली." डिसेंबर 1967 च्या भूकंपात भिंतीला तडा गेला होता, तोच हा.

1966 चं काम अजून जागेवर आहे आणि बघत राहावं असं आहे. सागवानी पट्टी, तिच्यावर पितळी क्लिपा एका अंतरावर, कोपऱ्यात पट्टीला पंचेचाळीस अंशांचा काप, लाकडी गोल ठोकळ्यावर काळं गोल बटण. सात दिवे, एक पंखा, रेडिओ असं सगळं एकदम लावलं तरी दोन ॲम्पिअर झाले नसते. त्या माणसाने दोन ॲम्पिअरसाठी चोख काम केलं. पुढे त्याच दोन वायरींवर अठ्ठावन्न वर्षांत कोण कोण येऊन बसलं ते लिहून काढलं : टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर, फ्रीज, इस्त्री, गीझर, वॉशिंग मशीन. नवं यंत्र घरात आलं की जवळच्या बोर्डातून वायर ओढायची, मुळाशी जाऊन लोडचा हिशोब करायचा नाही. माजघरातल्या एका ठोकळ्यात अकरा वायरी मोजल्या.

मेन बोर्डावर किटकॅट (चिनी मातीचे, उपसून काढायचे) फ्यूज दोन, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रललाही फ्यूज घालायची ही जुनी रीत मोठी फसवी आहे. तो आधी उडाला तर घरभर अंधार होतो, माणूस समजतो लाइट गेली, आणि प्रत्येक होल्डरात फेज तशीच बसलेली असते. फेजच्या फ्यूजमध्ये फ्यूजवायर नव्हतीच, तांब्याचे तीन पदर पिळून घातलेले. कोणी घातले म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "सारखा उडायचा म्हणून बाबांनी."

22 सप्टेंबर, रविवार

आधी एक जण येऊन गेला. बोर्डाकडे बघून म्हणाला, "दोन एमसीबी टाकून देतो, दोन हजारात काम." भिंतीकडे त्याने बघितलंही नाही.

मग शेजारच्यांनी सांगितलेले परवाना असलेले वायरमन काका आले. साठीच्या पुढचे. त्यांनी आल्या आल्या चप्पल घातली (घरात, आईच्या डोळ्यांदेखत) आणि मग बोर्डाला हात लावला. मेगर, म्हणजे वायरीचं आवरण कुठे गळतंय का ते तपासायचं यंत्र, बरोबर होता. सगळी उपकरणं काढून, बल्ब काढून, 500 व्होल्टवर. जुना ठोकताळा असा की 50 ला पॉइंटच्या संख्येने भागायचं. आमचे 40, म्हणजे निदान सव्वा मेगाओम यायला हवा. स्वयंपाकघराचा आला 0.2. माजघर आणि ओटी 0.6. जिना 80 च्या वर.

"ताई, ही पट्टी दिसायला देखणी आहे," काका म्हणाले आणि ओटीवरच्या एका वायरीचं टोक नखाने नुसतं वाकवलं. आतलं रबर बिस्किटासारखं चुरून खाली पडलं. पट्टी वाचवायची म्हणून मी मनात जो बेत केला होता, तो तिथेच संपला.

ठरलं असं : जिन्याचं वायरिंग सोडून सगळं नवं. दिव्यांना दीड एमएम, साध्या प्लगांना अडीच, गीझरला आणि पुढेमागे एसी लागलाच तर त्याला चार. सगळं तांबं. खालचा मजला आणि माळा वेगळे, दोघांना दोन आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की पुरवठा तोडणारी बटणं. आणि सगळ्याच्या आधी अर्थिंग.

3 ऑक्टोबर, गुरुवार (घटस्थापना)

मुहूर्त चांगला म्हणून खड्डा. जागा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, तिथे उन्हाळ्यातही ओल असते. वर काळी माती, साडेतीन फुटांखाली मुरूम. दोघं जण दुपारपर्यंत खणत होते. अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप उभा केला, भोवती लाकडी कोळसा आणि मीठ आलटून पालटून थरात. मिठाने माती करंटला वाट देते, पण तेच मीठ पाइपही खातं, म्हणून काकांनी हात आखडता ठेवला. वर नरसाळं आणि फरशीचं झाकण. तुळशीला पाणी घालताना एक तांब्या इथेही, असं आईला सांगितलं. तिने लगेच हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी अर्थिंग मोजायच्या टेस्टरवर साडेसहा ओम. काका खूश. मी गणित केलं. फेज थेट पत्र्याला लागली तर 230 भागिले साडेसहा, सुमारे 35 ॲम्पिअर. सोळा ॲम्पिअरचा नेहमीचा सी वर्गाचा एमसीबी क्षणात पडायला निदान 80 लागतात. 35 ला तो पडेल, पण रमतगमत. म्हणजे एवढं चांगलं अर्थिंगसुद्धा एमसीबीच्या भरवशावर माणसाला वाचवत नाही. आरसीसीबी मात्र 30 मिलीॲम्पिअरला पडतो. अर्थिंग उन्हाळ्यात सुकून 100 ओमांवर गेलं तरी 30 मिलीॲम्पिअर गळायला पत्र्यावर 3 व्होल्ट पुरतात. "अर्थिंग केलंय, मग ते महागाचं कशाला," असं दादा बंगळुरूहून फोनवर विचारत होता. त्याला हेच सांगितलं.

5 ऑक्टोबर, शनिवार

स्वयंपाकघर उघडलं. आरोपी सापडला.

माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत, मसाल्याच्या फळीच्या मागे एक लाकडी ठोकळा. झाकण काढायच्या आधीच वास आला. आत 1966 ची तांब्याची न्यूट्रल आणि 1983 ची ॲल्युमिनियमची, एकमेकींना हाताने पीळ देऊन वर काळी टेप. टेप कोळसा झालेली, ठोकळ्याची एक बाजू निम्म्यापर्यंत जळून काळी आणि तारांवर पांढरी पूड. ती ॲल्युमिनियमच्या गंजाची. तो करंट जाऊ देत नाही, आणि तांब्याशेजारी ओल मिळाली की आणखी वाढतो. शिवाय ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, दाबाखाली सरकतं आणि निवल्यावर पूर्वीइतकं घट्ट बसत नाही. रोज सकाळी एक अंघोळ म्हणजे रोज थोडं आणखी सैल. पावसाळ्यात ती भिंत ओलावते, म्हणून आईचं "पाऊस लागल्यापासून" अगदी बरोबर होतं.

त्या काळात तांबं बाहेरून आणावं लागे आणि महाग पडे, म्हणून घराघरांत ॲल्युमिनियमच्या वायरी गेल्या. ॲल्युमिनियम घातलं ते चालण्यासारखं होतं, पण दोन धातूंना टेपने बांधून वर मसाल्याची फळी ठोकली, ते नाही. चुलतकाकांच्या ओळखीचा कोणी होता म्हणे. आता त्याचं नाव कोणालाच आठवत नाही, ते त्याच्या दृष्टीने बरंच.

आता गुलाबी ठिपका. फ्रीज आला 1991 मध्ये. पोचवायला आलेला माणूस म्हणाला, थ्री-पिन आणि अर्थिंग असल्याशिवाय जोडणार नाही. अर्थिंग नव्हतं. मी तेव्हा साताऱ्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, इन्स्ट्रुमेंटेशनला, आणि "न्यूट्रल शेवटी जमिनीलाच जोडलेला असतो" हे वाक्य वर्गात नुकतंच ऐकलं होतं. चुकू नये म्हणून न्यूट्रलच्या वायरीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, तुकडा जोडला, टेस्टर लावून दाखवला. त्या माणसाने फ्रीज जोडला. बाबांनी आल्यागेल्याला सांगितलं की पोरीने केलं.

वाक्य खरं आहे, पण ते डीपीपाशी, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी. तिथून आमच्या फ्रीजपर्यंत मध्ये किती जॉइंट आहेत आणि त्यातला प्रत्येक कोणाच्या हातचा, हा प्रश्न मला सतराव्या वर्षी पडला नाही.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, अर्ध्या गावात असंच आहे." मला यात दिलासा वाटला नाही.

6 ऑक्टोबर, रविवार

स्वयंपाकघराच्या विटांच्या भिंतीत वायरींसाठी झिऱ्या (खाचा) मारल्या. धूळ चिवड्याच्या डब्यापर्यंत. विशेष काही नाही.

10 ऑक्टोबर, गुरुवार (काकांनी फोनवर सांगितलेलं)

मीटरचं सील आपण तोडायचं नसतं, म्हणून मेन बदलायला वीज कंपनीत अर्ज दिला होता. माणूस आला, पुरवठा तोडला, काकांनी नवी मेन वायर ओढली, जोडून झालं. तासाभराचं काम. जुना लोखंडी मेन स्विच आईने भंगारात द्यायला नकार दिला.

12 ऑक्टोबर, शनिवार (दसरा)

काम बंद. काकांनी पक्कड, टेस्टर, ड्रिल आणि मेगर ओटीवर मांडून झेंडू वाहिला. मेगरला वेगळा हार.

13 ऑक्टोबर, रविवार

मातीच्या भिंतींचा दिवस, आणि आजवरचा सगळ्यात अवघड. झिरी मारणं शक्यच नाही. छिन्नी लावली की हातभर पोपडा येतो. वरून पांढरी केसिंग पट्टी (वायरी झाकणारी पोकळ पट्टी) मारायची, हे ठरलंच होतं. पण ड्रिल मारून गिट्टी बसवली तर भोकच मोठं होत जातं, स्क्रू फिरवला की गिट्टी मातीसकट हातात.

काकांनी जुनी सागवानी पट्टी उचकटायला घेतली आणि थांबले. पट्टीखाली, दर दीड-दोन फुटांवर, भिंतीत लाकडी खुंट्या होत्या. बाहेरून चौकोनी, आत जाताना रुंद होत गेलेल्या, म्हणजे ओढून निघू नयेत अशा. भिंत कोरून, आत बसवून, भोवती चुना भरलेला. काकांनी एकीवर सगळं वजन टाकून बघितलं. हलली नाही. दोरी धरली तर सगळ्या एका ओळीत. अठ्ठावन्न वर्षं आणि मध्ये एक भूकंप.

मग मार्ग तोच ठेवला. नवी केसिंग पट्टी जुन्या खुंट्यांवर. फक्त 1968 मध्ये परत ठोकलेल्या माजघराच्या तुकड्यातल्या चार खुंट्या सैल निघाल्या, तिथे नव्या बसवायला लागल्या. काकांच्या हाताखालच्या पोराने एक खुंटी कशी करायची ते शिकून घेतलं. एकीला त्याला पाऊण तास लागला. अशा किती असतील ते मोजत तो गप्प उभा होता.

माळ्यावरच्या दिव्याचं बटण न्यूट्रलवर निघालं. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज. एलईडी बसवल्यापासून तो बल्ब रात्री बंद करूनही मंद उजळायचा आणि भाचरं त्याला भुताचा दिवा म्हणायची. बटण फेजवर घेतलं. भाचरांना अजून सांगितलेलं नाही.

19 ऑक्टोबर, शनिवार

पुरवठा चालू केला. सगळं पेटलं. आईने साखर वाटली. संध्याकाळी सातला खालचा आरसीसीबी पडला. उचलला. परत पडला. थोड्या वेळाने वरचा पडला.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. हिशोबात 30 मिलीॲम्पिअरची तूट आली की पाडतो. म्हणजे कुठून तरी गळतंय. मोटर काढली, फ्रीज काढला, टीव्ही, मशीन, सगळं काढलं. पडतोच. मी खाली बोर्डापाशी, पोरगा वर जाऊन एकेक प्लग उपसतोय, काका मध्ये जिन्यात. तीन तास.

शेवटी आईच म्हणाली, "हा वर जायला लागला की पडतंय." आम्ही हसलो. मग हसायचं थांबलो. आमचा जिना आतला, दिवसाही अंधारा, वर जायचं तर दिवा लावूनच. माळ्यावर काय बिघडलंय ते बघायला आम्ही दर वेळी जिन्याचा दिवा लावत होतो.

मेगरला उत्तम आलेलं म्हणून ठेवलेलं 1996 चं वायरिंग. त्या दिव्याला फेज खालून घेतली होती आणि न्यूट्रल वरून, कारण वरचा न्यूट्रल हाताशी होता. एकाच फ्यूजवर घर होतं तेव्हा या उसन्या न्यूट्रलने काही अडत नव्हतं. आता खालून गेलेला करंट वरच्या दाराने परत येतो. खालचा म्हणतो माझा परत आला नाही, वरचा म्हणतो हा माझा नाही. 9 वॅटचा दिवा, सुमारे 40 मिलीॲम्पिअर, आणि तेवढे पुरले. मेगर वायरीचं कातडं तपासतो, नातीगोती नाही.

रात्री अकराला जिन्यात नवी न्यूट्रल ओढली. पोरगा म्हणाला, "ताई, आता मी दिवा न लावताच चढतो."

28 ऑक्टोबर, सोमवार (वसुबारस)

दोन्ही आरसीसीबी टेस्टच्या बटणावर पडले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबायचं, म्हणून कालनिर्णयावर खुणा केल्या. मेगर सगळीकडे 50 मेगाओमच्या वर. गीझर लावून फ्रीजच्या पत्र्यावर 0.3 व्होल्ट, आणि आकडा नाचत नाही. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत नाव लिहिलं. पडवीतला एक दिवा राहिलाय, तिथे कौलं परतल्याशिवाय हात घालायचा नाही असं काका म्हणतात, म्हणजे मे महिना.

खर्च मजुरीसकट 84 हजार. दादाने निम्मे पाठवले आणि परत विचारलं की ते महागाचं खरंच लागलं का.

2 नोव्हेंबर, शनिवार (पाडवा)

आईचा सकाळी सहाला फोन. "तुझं ते यंत्र बिघडलं. रॉड लावला की घर बंद." कुठला रॉड? बादलीत सोडून पाणी तापवायचा. गीझर बंद होता त्या महिन्यात तिने माळ्यावरून खाली आणला होता आणि मला सांगितलं नव्हतं.

म्हटलं, आई, यंत्र ठीक आहे, रॉड बिघडलाय.

"वीस वर्षं चालतोय तो. यंत्र येऊन पंधरा दिवस झाले."

दुपारी वाईला गेले. रॉड मेगरवर लावला, काटा शून्यावर झोपला. ते तिला दाखवलं. तिने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "फ्रीजच्या वेळी पण तू टेस्टर लावून दाखवला होतास ना?"

रॉडची वायर कापून तो पुण्याला घेऊन आले. तिने परसातला तांब्याचा बंब चिंचेने घासून काढलाय.